पहिला हिवाळा, पहिली गाडी आणि चार टायर

जर्मनीत टायर बदलण्याचा ढोबळ हिशेब घरोघरी पाठ असतो: ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टर. आपली दिवाळी नेमकी या हंगामाच्या तोंडावर येते. म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफर्टकडची मराठी मंडळी चकलीची भाजणी कुठे मिळेल याच्या चौकशीत असतात, आणि त्याच आठवड्यांत टायरवाल्यांच्या वह्या भरत जातात. बर्फ पडणार अशी बातमी आली की सगळे एकदम फोन करतात आणि लांबची तारीख घेऊन गप्प बसतात. तेव्हा पहिली सूचना वेळेची. सप्टेंबर संपता संपता टायर ठरवा, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसवून घ्या, आणि मग निवांत फराळाला लागा.

हे लिहितोय ते मुख्यतः भारतातून जर्मनीत आलेल्या आणि नुकतीच पहिली गाडी, बहुधा वापरलेली, घेतलेल्या वाचकांसाठी. पुण्या-मुंबईत गाडी चालवून हात तयार झालेला असतो. घाट, पाऊस, खड्डे, सगळं पचवलेलं असतं. पण तिकडे टायर म्हणजे गोटा झाला की बदलायची वस्तू. वर्षातून दोनदा चारही टायर बदलायचे आणि उतरवलेले जपून ठेवायचे, ही सवयच आपल्याला नसते. त्यामुळे दोन टोकं दिसतात. कोणी ‘आपण कुठे डोंगरात जातो’ म्हणत टाळतो, तर कोणी दुकानदार पुढे करेल तो सगळ्यात महाग संच घेऊन मोकळा होतो.

टाळणाऱ्यांसाठी आधी टायर काय करतो ते सांगतो. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरावर फार मऊ पडू नये म्हणून मुळातच घट्ट बनवलेलं असतं. थंडी वाढली की ते आणखी कडक होतं आणि रस्त्याच्या बारीक खरबरीतपणाला धरून बसेनासं होतं. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण शून्याखालीही लवचीक राहील असं केलेलं असतं. ७ अंश सेल्सिअसच्या खाली हिवाळी टायर, हा जो आकडा सगळीकडे ऐकू येतो, तो ठोकताळा समजा. पारा ७ वरून ६ वर आला म्हणून उन्हाळी टायर एकाएकी निकामी होत नाही. कोरड्या रस्त्यावर त्याचं बऱ्यापैकी निभावतं. ओल्या थंड रस्त्यावर फरक जाणवू लागतो आणि बर्फावर तर तुलनाच उरत नाही.

दुकानात गेलात तर हिवाळी टायर हाताळून बघा. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. अंगठ्याने ठोकळा दाबून थोडा रेटला तर त्या किंचित उघडतात. चाक बर्फावरून फिरताना अशा असंख्य कडा उघडून बर्फाला धरतात. शिवाय रुंद खोबणींत बर्फ दाबून भरला जातो आणि खालच्या बर्फाला तो चांगला धरून राहतो. म्हणून गाडी उभी केल्यावर खोबणीत बर्फ अडकलेला दिसला तर लगेच काठी घेऊन टोकरत बसू नका. त्याचा उपयोगच होत असतो. उन्हाळी टायरला या चिरा जवळजवळ नसतातच. परिणाम असा की दाबल्या गेलेल्या बर्फावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगात ब्रेक लावला तर उन्हाळी टायरवरच्या गाडीला थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. तेवढ्यात पुढे झेब्रा क्रॉसिंग असू शकतं.

इथे एक गैरसमज हमखास निघतो: ‘माझी गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे.’ असू दे. चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते त्याचा फायदा गाडी हलवताना आणि चढावर होतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच लागतात. उलट अशी गाडी सिग्नलवरून इतकी सहज निघते की रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही; कळतं ते थांबायच्या वेळी. एबीएस आणि गाडी सावरणारी बाकीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे तेवढीच पकड नीट वापरू शकते, नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. हिवाळी टायर निवडताना ‘बर्फातून निघेल का’ यापेक्षा ‘थांबेल का, वळेल का’ हा प्रश्न मनात ठेवलात तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आता कायदा. जर्मनीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं बंधन नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी किंवा दहिवराचा निसरडा थर असेल तेव्हा हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही, असा २०१० पासूनचा नियम आहे. गाडी नुसती रस्त्याकडेला उभी असेल तर तो लागू होत नाही. सापडलात तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्ह्यांच्या नोंदीत तुमच्या नावावर एक दंडगुण. त्यामुळे वाहतूक अडली तर ८०, कोणाला धोका झाला तर १०० आणि अपघात झाला तर १२० युरो. तुमची गाडी मित्राने तशा रस्त्यावर तुमच्या संमतीने नेली, तर मालक म्हणून तुम्हाला ७५ युरो आणि गुण वेगळा. आठ गुण झाले की परवाना जातो. पण दंडापेक्षा विम्याची भीती जास्त खरी आहे. घोर निष्काळजीपणा ठरवून विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानभरपाईत कपात करू शकते, आणि ती रक्कम दंडाच्या कितीतरी पट असते.

हिवाळी टायर कोणता मानायचा, हे मात्र अलीकडे बदललंय आणि जुन्या गाड्या घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. पूर्वी टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ ही अक्षरं असली की भागायचं. चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ. पण ती छापायला कुठलीही चाचणी द्यावी लागत नाही. कंपनीने ठरवलं की छापली. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत नुसती ही अक्षरं चालत नाहीत. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह टायरच्या अंगावर हवं. ते मिळवायला टायरला बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत किमान पकड दाखवावी लागते. जुनी गाडी बघायला गेलात आणि विकणारा ‘सोबत विंटर टायर आहेत’ म्हणाला, तर खाली वाकून ते चिन्ह डोळ्यांनी बघा. नसेल तर त्या संचाची किंमत तुमच्या लेखी शून्य.

कायद्यापुरतं एवढं पुरतं, पण निवड इथे सुरू होते. तुमचा हिवाळा कोणता? हा प्रश्न फार थोडे लोक स्वतःला विचारतात. हिवाळी टायर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जाहिरातीतला शुभ्र रस्ता. प्रत्यक्षात क्योल्न, ड्युसेलडॉर्फ, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग इथे राहणाऱ्याचा हिवाळा बहुतेक दिवस राखाडी, ओला, तीन-चार अंशांचा असतो. बर्फ पडतो, दोन दिवस राहतो, मिठाचा मारा होऊन वितळतो. म्हणजे तुमचा टायर बहुतेक वेळ ओल्या डांबरावर असणार, आणि ऑटोबानवर १२० च्या वेगातही असणार. तिथे ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग सगळ्यात महत्त्वाचं. म्युनिकच्या दक्षिणेला, आल्गॉयमध्ये, ब्लॅक फॉरेस्टच्या उंचावरच्या गावांत किंवा एर्त्सगेबिर्गच्या बाजूला राहत असाल, किंवा दर शनिवारी मुलांना स्कीइंगला नेत असाल, तर बर्फावरच्या गुणांना पहिला मान. दोन्हींत उत्तम असा टायर क्वचितच सापडतो. रबर मऊ आणि चिरा जास्त ठेवल्या की बर्फावर पकड वाढते, पण कोरड्या-ओल्या रस्त्यावर ठोकळे वाकतात आणि थांबायचं अंतर वाढतं.

हे पारखायला जर्मनीत चांगली सोय आहे. आ-डे-आ-त्से हा वाहनचालकांचा मोठा क्लब दरवर्षी हिवाळ्याआधी टायरच्या चाचण्यांचे निकाल जाहीर करतो. ते वाचायला सभासद असावं लागत नाही. ऑस्ट्रियातला ओए-आ-एम-टे-त्से आणि स्वित्झर्लंडचा टे-त्से-एस हे क्लबही तेच करतात. हे निकाल वाचताना नुसता एकूण क्रमांक बघू नका. २०२३ पासून आ-डे-आ-त्सेच्या गुणांत सुरक्षेला ७० टक्के आणि पर्यावरणाला ३० टक्के वजन आहे. टायर किती लवकर झिजतो, किती इंधन खातो हे दुसऱ्या भागात येतं. म्हणजे दोन टायरचे एकूण गुण सारखे असूनही एक ओल्या रस्त्यावर सरस आणि दुसरा फक्त टिकाऊ, असं होऊ शकतं. आधी आपल्या हिवाळ्याचा रकाना वाचा, मग एकूण गुण. दुसरं म्हणजे चाचणी ठरावीक मापाच्या टायरची असते. छोट्या गाडीच्या मापात पहिला आलेला टायर एसयूव्हीच्या मापात तसाच वागेल असं नाही. तुमचं नेमकं माप चाचणीत नसेल तर जवळच्या मापाचा निकाल धरा.

टायरला चिकटवलेलं युरोपीय संघाचं लेबल, जे मे २०२१ पासून नव्या रूपात आलं, तेही बघा, पण त्यावर विसंबू नका. ओल्या रस्त्याची पकड आणि इंधन यांना ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी आणि आवाजाचे डेसिबल त्यावर असतात. बर्फासाठी फक्त चिन्ह असतं, म्हणजे पास की नापास. काठावर पास झालेला आणि पहिल्या वर्गात आलेला, दोघांच्या लेबलवर तोच डोंगर.

मग ऑल सीझनचं काय? वर्षभर एकच संच, बदलायची कटकट नाही, साठवायची जागा नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हा मोह पडणं साहजिक आहे, आणि दहा वर्षांपूर्वी मी याला सरळ नाही म्हटलं असतं. पण २०१५ मध्ये मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट आला तेव्हापासून हा वर्ग बराच सुधारलाय; गुडइयरचा व्हेक्टर फोर सीझन्स हेही त्यातलं जुनं नाव. डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल सीझन टायर कायद्याने हिवाळी टायरच. सपाट प्रदेशातल्या शहरात राहता, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवता, बर्फ पडला तर त्या दिवशी एस-बानने जायची तयारी आहे, तर खुशाल घ्या. उलट रोज चाळीस किलोमीटर ऑटोबान, किंवा ख्रिसमसला आल्प्स हे ठरलेलं, किंवा जड इलेक्ट्रिक गाडी, यातलं काही असेल तर दोन संच ठेवा. दोन संचांचा खर्च वाटतो तेवढा जास्त नसतो. एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. खरा जादा खर्च रिम, अदलाबदल आणि साठवण यांचा.

स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिकडचा हिवाळी टायर हा जातकुळीनेच निराळा असतो. हिवाळी टायरची परंपराही तिकडचीच: फिनलंडच्या कंपनीने, जी आज नोकियन म्हणून ओळखली जाते, १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी खास हिवाळी टायर काढला. उत्तरेकडे दोन प्रकार आहेत, लोखंडी खिळ्यांचे आणि बिनखिळ्यांचे. टणक, चकचकीत गोठलेल्या बर्फावर खिळ्यांना तोड नाही, पण मोकळ्या रस्त्यावर ते आवाज करतात, डांबर कुरतडतात आणि त्याची बारीक धूळ हवेत जाते. याच कारणाने स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरना बंदी आहे. शहरात राहून शहरातच फिरणाऱ्याला बिनखिळ्यांचे पुरतात. उत्तरेकडे गावोगाव जाणाऱ्याने खिळ्यांचा विचार करावा. जर्मनीत मात्र खिळे जवळपास सगळीकडे निषिद्ध आहेत.

यात एक सापळा आहे. उत्तरेकडचा बिनखिळ्यांचा मऊ टायर आणि मध्य युरोपचा हिवाळी टायर, दोघांवर डोंगर-हिमकण असतो. गोथेनबर्गहून बदली होऊन म्युनिकला येताना टायरही सोबत आणले, तर ओल्या ऑटोबानवर गाडी अंगाखाली डुलल्यासारखी वाटेल आणि थांबायला जास्त रस्ता घेईल. म्युनिकचे टायर घेऊन स्टॉकहोमला गेलात तर गोठलेल्या बर्फावर ते कमी पडतील. फरक ओळखायला लेबलवरचं आणखी एक चिन्ह उपयोगी: गोठलेल्या बर्फावरच्या पकडीचं. ते उत्तरेकडच्या टायरवर असतं, मध्य युरोपच्या टायरवर सहसा नसतं.

प्रकार ठरला की माप. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, फारत्सॉइगशाइनवर, १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढच्या-मागच्या टायरचं माप असतं. उदाहरणार्थ २०५/५५ आर १६ ९१ एच. २०५ मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या ५५ टक्के, १६ इंची रिम. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार चालेल. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. भाराचा आकडा लिहिलाय त्यापेक्षा कमी कधीच घ्यायचा नाही. वेगाचं अक्षर मात्र हिवाळी टायरमध्ये खालचं चालतं. गाडी २२० ने जाऊ शकत असेल तरी १९० चा ‘टी’ घेता येतो, फक्त ती मर्यादा लिहिलेलं स्टिकर चालकाच्या डोळ्यांसमोर लावावं लागतं. टायरवाला ते देतो. हे अक्षर खाली आणलं की पैसे वाचतात, आणि हिवाळ्यात २०० ने जायचंय कोणाला.

त्याहून जास्त पैसे रिममध्ये वाचतात. पुष्कळ गाड्या दिसायला छान म्हणून १८ इंची रिमवर विकल्या जातात. कागदावर एकच माप छापलेलं असलं तरी त्या गाडीला इतरही मापं मंजूर असतात. ती सीओसी नावाच्या कागदात सापडतात, नाहीतर कार कंपनीच्या वर्कशॉपला विचारा. १६ इंची, थोडा अरुंद आणि जाड अंगाचा टायर बसत असेल तर तो स्वस्त पडतो आणि फुटपाथच्या कडेला घासून रिम खराब होण्याची भीती कमी. साध्या लोखंडी रिम घ्यायला लाजू नका. मिठाच्या पाण्यात चार महिने काढायचेत, शोभेचं काही नाही.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. वर सांगितलेल्या मापाचा नामांकित टायर शंभर युरोच्या आगेमागे आणि अगदी स्वस्तातला पन्नास-साठला मिळतो. कधीच न ऐकलेल्या नावाचे सगळ्यात स्वस्त टायर चाचण्यांत बहुतेक वेळा आपटतात ते ओल्या रस्त्यावरच, म्हणजे नेमके आपल्या कामाच्या ठिकाणी. बजेट तंग असेल तर मोठ्या घराण्यांची दुसरी फळी बघा: कॉन्टिनेन्टलचे सेम्परिट, युनिरॉयल, बारुम, मिशेलिनचा क्लेबर, गुडइयरचा फुल्डा. यातले काही काही मापांत थोरल्या भावांच्या अगदी जवळ येतात. दुकानात फ्रेडेश्टाइन हे डच नाव दिसलं तर एवढं लक्षात असू द्या की २००९ पासून तो ब्रँड आपल्या अपोलो टायर्सच्या मालकीचा आहे. पण देशाभिमान ओल्या रस्त्याच्या रकान्यानंतर.

आता हातात आलेला टायर तपासायची वेळ. बाजूवर डीओटी ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे बाहेरून दिसले नाहीत तर मोबाइलचा दिवा लावून आतल्या बाजूला बघावं लागतं. नीट साठवलेला टायर तीन वर्षांपर्यंत नवाच समजतात, त्यामुळे ‘मागच्या वर्षीचा आहे’ म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका. सूट मात्र मागा. वापरलेला संच घेताना हाच आकडा भाव ठरवतो. रबर पडून पडूनही कडक होतं. आठ वर्षांच्या पुढचा हिवाळी टायर, नक्षी कितीही छान दिसो, घेऊ नये.

नक्षीची खोली मोजायला दोन युरोचं नाणं पुरतं. त्याची बाहेरची रुपेरी कड साधारण ४ मिलिमीटर असते. नाणं खोबणीत उभं घाला. रुपेरी कड पूर्ण बुडली तर टायर अजून कामाचा. जर्मन कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो, पण त्या बारीक चिरा पुष्कळ टायरमध्ये तळापर्यंत गेलेल्याच नसतात. टायर अर्धा झिजला की त्या संपतात आणि उरतो नावापुरता हिवाळी टायर. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटर ही कायद्याचीच अट आहे, तेव्हा साल्झबुर्गला जाणाऱ्यांनी नाणं घरीच लावून बघावं. मधल्या भागासारखंच दोन्ही कडांनाही मोजा. एकच कड झिजली असेल तर आधीच्या गाडीचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं.

जाहिरातींत रिमसकट वापरलेले संच भरपूर मिळतात. तिथे टायरपेक्षा रिम आपल्या गाडीला लागते का, हे आधी विचारा. बोल्टची संख्या सारखी असली म्हणजे झालं असं नाही. त्यांच्यातलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, रिम आत-बाहेर किती बसते, हे सगळं जुळावं लागतं. आणि रिमसोबत तिचे बोल्टही मागून घ्या. लोखंडी आणि अलॉय रिमचे बोल्ट लांबीत आणि बैठकीच्या आकारात वेगळे असू शकतात, आणि चुकीच्या बोल्टवर चाक नीट बसत नाही.

नोव्हेंबर २०१४ नंतर युरोपात नोंदलेल्या नव्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा असते. काही गाड्या ते चाकाच्या फिरण्यावरून ओळखतात. त्यांना वेगळं काही लागत नाही, बदलल्यावर मेनूत जाऊन नव्याने नोंद करायची. काहींच्या प्रत्येक चाकात सेन्सर असतो. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची असेल तर हिवाळी चाकांसाठी चार सेन्सर वेगळे घ्यावे लागतील, आणि तो खर्च बरेच जण धरतच नाहीत. भाव विचारताना ‘बसवणं, बॅलन्सिंग, सेन्सर, जुन्या टायरची विल्हेवाट, सगळं मिळून किती’ असंच विचारा.

टायर चारही एकाच प्रकारचे घ्या. दोनच घेऊन पुढे लावायचे, ही काटकसर इथे चालत नाही, कायद्यानेही नाही. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि गाडी वळणावर शेपटीने फिरते.

बसवून झाल्यावर पैसे द्यायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. पुष्कळ हिवाळी टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्याच दिशेला हवा. घाईच्या दिवसांत एखादं चाक उलट लागतं आणि पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढलं जातं. स्वतः बदलणार असाल तर जॅक आणि चारपायी पाना पुरेसा नाही, टॉर्कचा पाना लागतोच. पुष्कळ मोटारींसाठी ११० ते १२० न्यूटनमीटर लागतात, पण तुमचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की बोल्ट पुन्हा तपासा, वर्कशॉपने बसवले असले तरी. हवा थंड टायरवर मोजा. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब सुमारे ०.१ बारने कमी होतो, त्यामुळे ऑक्टोबरात बरोबर भरलेली हवा जानेवारीत कमी पडते.

उतरवलेल्या चाकांवर खडूने पुढचं डावं, पुढचं उजवं असं लिहून ठेवा. रिमसकट असतील तर एकावर एक रचा किंवा टांगा. नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि मधूनमधून फिरवा. तळघरात जागा नसेल तर टायरवाले हंगामाचं भाडं घेऊन ठेवून घेतात. पावतीवर नक्षीची खोली लिहून घ्या, म्हणजे वसंतात ‘हे तर संपलेत’ असं ऐकायची वेळ आली तर हातात काही असेल. ईस्टरनंतर हिवाळी टायरवरच उन्हाळा काढायला जर्मन कायदा मना करत नाही, पण तापलेल्या रस्त्यावर ते मऊ रबर भराभर झिजतं आणि जोरात ब्रेक मारला तर गाडी कित्येक मीटर पुढे जाऊन थांबते. याच कारणाने हे टायर भारतात नेण्याचा विचारही नको. मनाली किंवा गुलमर्गला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना तेवढ्या शेवटच्या टप्प्यासाठी साखळ्या पुरतात.

कॅनडातल्या वाचकांसाठी दोन ओळी. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, रस्ता कोरडा असो वा पांढरा. ऑन्टॅरिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सूट देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. टोरंटोत राहून ती सूट न मागणारे पुष्कळ आहेत. एक फोन करून मागा.

आणि डिसेंबरात आई-बाबांना घेऊन भाड्याच्या गाडीने ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड फिरणार असाल तर बुक करतानाच टायर विचारा. काही ठिकाणी हिवाळी टायरचे पैसे वेगळे लावतात, आणि दक्षिणेकडच्या उबदार शहरातून घेतलेल्या गाडीला ते असतीलच असं नाही. किल्ली हातात आली की आधी डोंगर-हिमकण शोधा. डोंगरातल्या काही रस्त्यांवर निळ्या गोल पाटीवर साखळी चढवलेलं चाक दिसतं. तिथून पुढे साखळ्या लागतात, फोर व्हील ड्राइव्हलाही. त्या इंजिनची ताकद मिळणाऱ्या चाकांवर चढवायच्या आणि जर्मनीत त्यानंतर ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचं नाही. चढवायचा सराव घराखालच्या कोरड्या पार्किंगमध्ये एकदा करून बघा, आणि गाडीत जाड हातमोजे ठेवा.